उघडे दार, उघडी वही

प्रति,
सणसवाडी, शिक्रापूर, कोरेगाव भीमा आणि एकूणच शिरूर–दौंड परिसरातील ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, वडील, पंच व विश्वस्त यांस

विषय : आद्य ख्रिस्ती समाजातील सचोटी, तिच्यातून आलेला आध्यात्मिक प्रभाव आणि केडगावचा दाखला



ख्रिस्ती मंडळीच्या आरंभकाळात मंडळीच्या आतच घडलेला आणि नावानिशी नोंदला गेलेला पहिला अपराध पैशाचा आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात हनन्या आणि सप्पीरा या दांपत्याची हकिगत येते. येरुशलेमेतील मंडळीत तेव्हा आपली मालमत्ता विकून रक्कम प्रेषितांच्या स्वाधीन करणारे लोक होते. गरजूंना त्या रकमेतून वाटप होई. हनन्याने जमीन विकली, बायकोच्या संमतीने काही रक्कम मागे ठेवली आणि उरलेली रक्कम जणू सगळी तेवढीच आहे अशा आविर्भावात आणून ठेवली. पेत्राने त्याला जे सुनावले त्यातच या प्रकरणाचे मर्म आहे. जमीन विकण्याची सक्ती कुणी केली नव्हती आणि विकल्यावर आलेला पैसाही हनन्याच्याच मालकीचा होता. त्याने निम्मी रक्कम ‘निम्मी’ म्हणून दिली असती तरी मंडळीने ती घेतली असती. दोष ठरला तो अर्धवट दानावर पूर्ण दानाचा शिक्का मारण्याचा.

ही हकिगत कुठे येते हेही महत्त्वाचे आहे. तिच्या लगेच आधी कुप्र बेटावरच्या योसेफ नावाच्या लेव्याचा उल्लेख आहे. त्याने आपले शेत विकून सगळी रक्कम दिली. प्रेषितांनी त्याला बर्णबा हे नाव दिले होते आणि पुढे अंत्युखियाच्या मंडळीत तो मोठ्या मानाला चढला. हनन्या आणि सप्पीरा यांना हवा होता तो हाच मान, मात्र त्याची किंमत न मोजता. आध्यात्मिक प्रभाव निर्माण झाला की त्याची नक्कल करणारेही तयार होतात, हे आद्य मंडळीने अगदी सुरुवातीलाच पाहिले आणि लपवून न ठेवता स्वतःच्या इतिहासात लिहून ठेवले.

दुसरा पेच सहाव्या अध्यायात आहे. रोजच्या वाटपात ग्रीक भाषक विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी कुरकूर सुरू झाली. हिब्रू भाषक लोक स्थानिक होते आणि कारभार त्यांच्याच हाती होता. प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना कृतघ्न ठरवले नाही की प्रार्थना करा म्हणून परत पाठवले नाही. त्यांनी सगळ्या समुदायाला बोलावले आणि चांगल्या लौकिकाची सात माणसे निवडायला सांगितले. स्तेफन, फिलिप्प आणि इतर पाच जणांची नावे तिथे दिली आहेत. ती सातही नावे ग्रीक आहेत. त्यावरून ज्यांच्यावर अन्याय होत होता त्याच गटाच्या हाती वाटपाचा कारभार गेला, असा अभ्यासकांचा तर्क आहे. निवड मंडळीने केली आणि हात ठेवून मान्यता प्रेषितांनी दिली. वचनाची सेवा आणि पैशाचा कारभार यांची अशी फारकत झाल्याने उपदेश करणाऱ्याचा हात थैलीपासून दूर राहिला.

आठव्या अध्यायात शोमरोनातला शिमोन जादूगार भेटतो. लोक त्याला देवाची महाशक्ती समजत. प्रेषितांनी हात ठेवल्यावर पवित्र आत्मा मिळतो हे पाहून त्याने तो अधिकार विकत मागितला. पेत्राने त्याला आणि त्याच्या पैशाला झिडकारले. हनन्याला पैशाच्या बळावर धार्मिकतेचा देखावा करायचा होता, तर शिमोनाला पैशाच्या बळावर धार्मिक सत्ता हवी होती. मंडळीने दोन्ही मार्ग बंद केले.

पौलाने हीच शिस्त आपल्या दैनंदिन व्यवहारात आणली. तो राहुट्या बनवण्याचे काम करी. थेस्सलनीकाकरांना लिहिताना, आपला कुणावर भार पडू नये म्हणून रात्रंदिवस श्रम केल्याची आठवण त्याने करून दिली आहे. उपदेशकाला मंडळीकडून उपजीविका घेण्याचा हक्क आहे, हे तो स्वतःच मान्य करतो. तरी करिंथात त्याने तो हक्क वापरला नाही. यहूदियातील गरिबांसाठी त्याने मासेदोनिया आणि अखया या प्रांतांतून वर्गणी गोळा केली, तेव्हा ती रक्कम एकट्याने नेण्याचे त्याने टाळले. तीताबरोबर मंडळ्यांनी नेमलेले लोक सोबत घेतले. कारणही त्याने स्पष्ट लिहिले आहे : एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये, आणि व्यवहार देवासमोर चोख असावा तसाच माणसांसमोरही असावा. ‘देव जाणतो’ एवढ्यावर पौलाचे समाधान नव्हते. माणसांनाही समजले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

पहिले शतक संपता संपता किंवा त्यानंतर लवकरच ‘डिडाखे’ नावाची एक छोटी शिकवणपुस्तिका तयार झाली. तिची हस्तलिखित प्रत १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलला सापडली. गावोगाव फिरणाऱ्या उपदेशकांची पारख कशी करावी, याचे नियम तीत आहेत. पाहुणा उपदेशक एक दिवस, फार तर दोन दिवस राहील. तिसऱ्या दिवशीही हलला नाही तर तो खोटा समजावा. निघताना त्याने पुढच्या मुक्कामापुरती भाकरी घ्यावी आणि पैसे मागितले तर तोही खोटा. आत्म्याच्या प्रेरणेत असल्याचे सांगून कुणी जेवणावळ मांडायला लावली, तर त्याने त्या पंगतीत जेवू नये. गावात स्थायिक व्हायचे असेल तर काम करून खावे. हे नियम कठोर वाटतात. पण ज्या समाजाला अशा बारीकसारीक अटी लिहून ठेवाव्या लागल्या, त्याला ठकांचा अनुभव आलेला होता हे उघड आहे.

असा ठक कसा असे, याचे चित्र ख्रिस्ती नसलेल्या एका लेखकाने रंगवले आहे. दुसऱ्या शतकातला उपहासकार ल्युशियन याने पेरेग्रिनस नावाच्या माणसावर लिहिले. हा पेरेग्रिनस ख्रिस्ती मंडळीत शिरला, तिचा पुढारी झाला, तुरुंगात गेला आणि लोकांनी श्रद्धेने आणलेल्या भेटींवर गब्बर झाला. त्याने १६५ मध्ये ऑलिम्पियाच्या मेळ्यात स्वतःला जाळून घेतले. ल्युशियनला ख्रिस्ती लोक भोळे वाटतात आणि त्यांच्या परस्परविश्वासाची तो थट्टा करतो. पण त्या थट्टेतून एक साक्षही मिळते. तुरुंगातल्या माणसासाठी पहाटेपासून दाराशी बसून राहणाऱ्या विधवा आणि अनाथ मुले, दूरच्या गावांहून मंडळीच्या खर्चाने आलेले प्रतिनिधी असा तो समाज होता. प्रेमाला पारखीची जोड नसली की काय होते, हे त्या प्रकरणातून दिसते.

बाहेरच्यांच्या नोंदी आणखीही आहेत. बिथिनियाचा रोमन सुभेदार प्लिनी याने इसवी सन ११२ च्या सुमारास सम्राट ट्रेजनला पत्र लिहून ख्रिस्ती लोकांची चौकशी कळवली. सेविका म्हणवणाऱ्या दोन दासींचा त्याने छळही केला. त्याच्या हाती लागले ते एवढेच की हे लोक ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात आणि शपथ घेतात. ही शपथ चोरी न करण्याची, व्यभिचार न करण्याची, दिलेला शब्द न मोडण्याची आणि विश्वासाने ठेवायला दिलेली रक्कम मागितल्यावर न नाकारण्याची होती. ठेव परत करणे ही बाब उपासनेच्या शपथेत यावी, यावरून त्या समाजात सचोटी आणि भक्ती यांचे नाते किती जवळचे होते ते दिसते.

रोममध्ये ख्रिस्ती लेखक जस्टिन याने दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रविवारच्या वर्गणीचे वर्णन केले. ती ऐच्छिक असे आणि अनाथ, विधवा, आजारी, कैदी व परगावचे लोक यांच्यासाठी खर्च होई. कार्थेजच्या टर्टुलियनने १९७ मध्ये लिहिलेल्या बचावग्रंथात मंडळीच्या पेटीचा हिशेबच जणू लोकांसमोर मांडला : पैसा खाण्यापिण्याच्या चैनीवर जात नाही, तो गरिबांना जेवू घालण्यावर, त्यांच्या अंत्यविधीवर, अनाथ मुलांवर आणि थकलेल्या नोकरांवर खर्च होतो.

याउलट उदाहरणेही होती. पुढे रोमचा बिशप झालेला कॅलिस्टस गुलाम असताना मालकाच्या वतीने पेढी चालवी. तिच्यात विधवांनी आणि बंधूंनी ठेवलेल्या ठेवी बुडाल्या आणि तो पळून गेला, असा आरोप हिप्पोलिटसने लिहून ठेवला आहे. हिप्पोलिटस त्याचा कट्टर विरोधक होता, म्हणून ही हकिगत जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. तरीही बिशपवर टीका करताना विरोधकाला सर्वांत धारदार शस्त्र सापडले ते विधवांच्या ठेवींचे, यावरून त्या समाजाची मोजपट्टी कळते.

या सगळ्याचा एकत्रित परिणाम ३६२ मध्ये एका विरोधकाच्याच लेखणीतून नोंदला गेला. जुना रोमन धर्म पुन्हा उभा करू पाहणारा सम्राट ज्युलियन याने गलातियाच्या मुख्य पुजाऱ्याला पत्र लिहिले. परक्यांचा पाहुणचार, मृतांच्या अंत्यविधीची काळजी आणि जीवनातले गांभीर्य यांमुळे ख्रिस्ती लोक वाढले, अशी त्याची कबुली आहे. हे गांभीर्य दिखाऊ आहे, असा टोमणा मात्र तो मारतो. ते आपल्या गरिबांना पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात, ही त्याची खंत होती. चमत्कार किंवा वादविवाद यांचा तो उल्लेखही करत नाही. ज्याला या धर्माचा बीमोड करायचा होता, त्याला त्याच्या प्रभावाचे मूळ आचरणात दिसले.

हा इतिहास पश्चिम आशिया आणि रोमचा असला तरी त्याचा ताळा शिरूर–दौंडच्या मातीत करून पाहता येतो. शिरूरला एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे होते. भीमा ओलांडून दौंड तालुक्यात शिरले की लोहमार्गावर केडगाव लागते आणि तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आजही चालू आहे. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाच्या पहिल्या काही पिढ्यांत सचोटी आणि आध्यात्मिक प्रभाव यांचा कस इतका कुठे लागला नसेल.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला आणि मुलीला संस्कृत शिकवले. दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई भावासह पायी फिरत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या आणि तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्यांचे पती बिपिनबिहारी मेधावी १८८२ मध्ये वारले. त्याच वर्षी त्या मनोरमा या तान्ह्या मुलीसह पुण्यात आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. तिथे वाँटेज येथील सेंट मेरीच्या भगिनींच्या मठात त्या राहिल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा झाला तरी प्रश्न विचारणे थांबले नाही. मठातील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. त्रैक्य, ख्रिस्ताचे दैवत्व, चर्चचा अधिकार यांपैकी जे पटले नाही ते पटल्याचे सोंग त्यांनी केले नाही. भारतीय स्त्रीने पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे मत मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी दिले, तेव्हाही त्या गप्प बसल्या नाहीत. ज्यांच्या घरी राहायचे आणि ज्यांचे अन्न खायचे त्यांनाच ‘हे मला मान्य नाही’ असे सांगायला धाडस लागते. आश्रयदात्यांना खूश ठेवण्यासाठी श्रद्धा वाढवून सांगणे हा सोपा मार्ग त्यांच्यापुढे होता. हनन्याचा मार्गही तोच होता. पुढे १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. बाप्तिस्म्यानंतर जवळपास आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी जाहीरपणे लिहिले. देशोदेशी नाव झालेल्या धर्मसेविकेने आपल्या प्रसिद्धीच्या काळाबद्दल असे लिहावे, हे सहसा घडत नाही.

सर्वांत कठीण प्रसंग पुण्यात आला आणि तो झाकून ठेवण्यासारखा नाही. अमेरिकेत १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली आणि तिने दहा वर्षे मदत देण्याचे मान्य केले. या मदतीतून उच्चवर्णीय हिंदू विधवांसाठी निघणाऱ्या शाळेत धर्मप्रसार होणार नाही आणि मुलींना आपापले आचार पाळता येतील, अशी अट होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार मंडळात होती. मुली ख्रिस्ती धर्माकडे ओढल्या जात आहेत, असा आरोप लवकरच होऊ लागला. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर यांनी संस्थेशी असलेला संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या.

रमाबाईंची बाजू अशी होती : वर्गात धर्म शिकवला जात नाही आणि कुणावर सक्ती नाही; पण स्वतःच्या खोलीत मुलीसह प्रार्थना करताना आपण दार लावून घेणार नाही आणि आपणहून येणाऱ्या मुलींना हाकलणार नाही. सल्लागारांची बाजू अशी : सदनाची प्रमुख, अन्न देणारी, आईच्या जागी असलेली बाई उघड्या दारात प्रार्थना करत असेल तर आठ-बारा वर्षांच्या निराधार मुलीवर तिचा प्रभाव पडणारच. मग सक्ती नाही या म्हणण्याला कितीसा अर्थ उरतो? पालकांनी ज्या भरवशावर मुली पाठवल्या तो भरवसा राहिला का? पुढे १८९५ मध्ये सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांची शंका अनाठायी नव्हती असे पुष्कळांना वाटले.

या वादाचा निकाल एका बाजूने लावता येत नाही. रमाबाईंनी काही लपवले नाही, हे खरे. चोरून धर्म शिकवणाऱ्याने दार लावून घेतले असते. पण सचोटीला आणखी एक बाजू असते. शब्द देणाऱ्याने तो कोणत्या अर्थाने दिला याच्याबरोबरच ऐकणाऱ्याने तो कोणत्या अर्थाने घेतला, हेही पाहावे लागते. शिवाय छप्पर, अन्न आणि माया एकाच हातातून मिळत असेल तर त्या हाताच्या मालकाचा विश्वास स्वीकारणे हे कितपत स्वखुशीचे, हा प्रश्न प्रामाणिक हेतूने सुटत नाही. रमाबाईंनी त्यावर शोधलेला उपाय लक्षात घेण्यासारखा आहे. केडगावची नवी संस्था त्यांनी पहिल्यापासून ख्रिस्ती संस्था म्हणून उघडपणे चालवली. बोस्टनच्या मंडळाची दहा वर्षे भरत आली तेव्हा, १८९८ मध्ये, त्या स्वतः अमेरिकेला गेल्या. जुने मंडळ विसर्जित होऊन नवे उभे राहिले. पुढे येणाऱ्याला आणि मदत देणाऱ्याला आपण कुठे येत आहोत, कशासाठी देत आहोत, हे आधीच माहीत असे.

पुण्यातल्या वादाच्याच काळात सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी १८९३ मध्ये पुनर्विवाह झाला आणि कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रमाची संस्था काढली. ती हिंदू समाजाच्या चौकटीत राहिली. शारदा सदनाचा प्रभाव बाप्तिस्म्यांच्या आकड्यात मोजला तर हा भाग हिशेबाबाहेर राहील. ज्युलियनने पुजाऱ्यांना ख्रिस्ती लोकांसारखी धर्मशाळा काढायला सांगितले होते. चांगल्या कामाचे अनुकरण त्यामागची श्रद्धा न पटणाऱ्यांनीही करावे, हा प्रभावाचा मोठा पुरावा आहे.

केडगावची जमीन रमाबाईंनी घेतली त्यामागे व्यवहारी कारण होते. अमेरिकेची मदत कधीतरी थांबणार, तेव्हा फळबाग आणि शेती यांवर संस्था उभी राहावी, असा विचार होता. सुमारे शंभर एकर माळरान होते. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली-स्त्रिया आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध असल्याने त्यांना केडगावला हलवावे लागले. प्लेगच्या सरकारी रुग्णालयातील स्त्रियांच्या हालांबद्दल रमाबाईंनी १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती पत्रात उघड तक्रार केली. सरकारने आरोप फेटाळले. राज्यकर्ते ख्रिस्ती आहेत म्हणून ख्रिस्ती बाईने त्यांना सांभाळून घ्यावे, ही अपेक्षा त्यांनी मानली नाही. १८९९–१९०० च्या दुष्काळानंतर केडगावची वस्ती दोन हजारांच्या आसपास गेली. शिक्षण, विणकाम, शेती, दुग्धव्यवसाय, तेलघाणा, छापखाना अशी कामे स्त्रियाच करत. अंध स्त्रियांसाठी, वृद्धांसाठी आणि समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी वेगळी सदने होती. काम करून खाण्याचा डिडाखेचा नियम इथे प्रत्यक्षात चालू होता. त्यामुळे निराधार स्त्री कायमची उपकृत न राहता हातात कसब घेऊन उभी राही.

१९०५ च्या जूनअखेर केडगावला मोठे आत्मिक जागरण झाले. त्याआधी रमाबाईंनी प्रार्थनेचे गट सुरू केले होते. मिनी एब्रम्स या अमेरिकन सहकारी तिथे होत्या. जागरणात रडणे, मोठमोठ्याने एकत्र प्रार्थना करणे, पापे कबूल करणे असे प्रकार घडले आणि बातमी जगभर गेली. पेंटेकॉस्टल चळवळीच्या इतिहासात केडगावचे नाव येते ते यामुळे. अनेक मिशनऱ्यांना हा आरडाओरडा आवडला नाही. भारतीय स्त्रियांनी आपल्या स्वभावाप्रमाणे प्रार्थना करण्यात गैर नाही, असे रमाबाईंनी त्यांना उत्तर दिले. पण त्याचबरोबर शाळा, शेत, छापखाना आणि स्वयंपाकघर यांचे काम चालू राहिले. मुलींच्या टोळ्या आसपासच्या गावांत शुभवर्तमान सांगायला जाऊ लागल्या. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून सोप्या मराठीत बायबल आणण्याच्या कामात आयुष्याच्या अखेरपर्यंत गढलेल्या होत्या. जागरणाचा उपयोग त्यांनी स्वतःचे स्तोम माजवण्यासाठी केला नाही. मनोरमाबाई १९२१ मध्ये वारल्या. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या आणि त्यांचे भाषांतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. वारस उरला नाही, तरी संस्था टिकली, कारण ती कुणा घराण्याची मालमत्ता झाली नव्हती.

दुसरा दाखला रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे काम केले आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न केला. परदेशी पगारावर उभे राहून केलेला उपदेश आपल्या लोकांपर्यंत पोहोचत नाही, अशी त्यांची खंत होती. टिळकांचा ठसा महाराष्ट्राच्या मनावर अधिक खोल उमटला तो मात्र पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रामुळे. त्यात नवऱ्याचा लहरीपणा, त्याने केलेली संसाराची ओढाताण, धर्मांतरामुळे झालेला विरह आणि त्याचे मोठेपण हे सगळे एकाच सरळपणाने आले आहे. दोष वगळून लिहिलेले संतचरित्र मंडळीबाहेरच्या वाचकांनी इतके आपले मानले असते असे वाटत नाही.

सणसवाडी पट्ट्याची आजची परिस्थिती पाहिली की या इतिहासाची गरज कळते. पुणे–नगर रस्त्यालगत कारखाने आले आणि त्यांच्याबरोबर मराठवाडा, विदर्भ आणि परराज्यांतून माणसे आली. भाड्याच्या खोलीत राहणारा, आजारपणात जवळ कुणी नसलेला कंत्राटी कामगार हा येरुशलेमेतल्या ग्रीक भाषक विधवेच्या जागी आहे. तो आधार शोधतो आणि जो आधार देतो त्याचा प्रभाव त्याच्यावर लगेच पडतो. हा प्रभाव चोख ठेवण्यासाठी आद्य मंडळीने आणि केडगावने दिलेला धडा काही ठरावांत मांडता येईल.

पहिली गोष्ट हिशेबाची. महाराष्ट्रातील सार्वजनिक न्यासांना १९५० च्या कायद्यानुसार हिशेब ठेवणे आणि तपासून घेणे बंधनकारक आहे. कायद्याची पूर्तता धर्मादाय आयुक्तांकडे कागद गेला की होते. मंडळीची होत नाही. वर्षातून एकदा जमाखर्च उपासनेनंतर सर्वांसमोर वाचावा, गरिबांसाठीची रक्कम वेगळ्या खात्यात असावी आणि बँकेतून पैसे काढताना पाळकाची एकट्याची सही पुरू नये. नोंदणी नसलेल्या छोट्या प्रार्थनागटांनाही एक वही आणि दोन साक्षीदार ठेवता येतात.

दुसरी गोष्ट मदतीची. धान्य, शाळेची फी, औषधोपचार यांचा संबंध हजेरीशी किंवा बाप्तिस्म्याशी जोडू नये. मदत घेणाऱ्याला बाप्तिस्मा घ्यायचा असेल तर मदत सुरू असण्याच्या काळापासून तो निर्णय दूर ठेवावा आणि मूल असेल तर पालकांना विश्वासात घ्यावे. १८९३ चा वाद टाळण्याचा याहून सरळ रस्ता नाही.

तिसरी गोष्ट साक्षीची. बरे झाल्याच्या साक्षी जाहीर सभेत सांगण्याआधी त्यांची खातरजमा व्हावी आणि डॉक्टरांचे औषध बंद करायला कुणी सांगू नये. जादूटोणाविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१३ पासून आहे. पण कायदा नसता तरी वाढवून सांगितलेली साक्ष हनन्याच्या दानासारखीच ठरली असती. साक्ष देणाऱ्याचे नाव आणि छायाचित्र त्याच्या परवानगीवाचून भित्तिपत्रकावर छापू नये.

चौथी गोष्ट तक्रारीची. पाळक, वडील किंवा विश्वस्त यांच्याविरुद्ध तक्रार आली तर ती त्यांच्याच अखत्यारीत राहू नये. तक्रार ऐकणाऱ्यांत स्त्रिया असाव्यात, आणि ज्या गटाची तक्रार आहे त्या गटातले कुणी असावे. येरुशलेमेत सातांची निवड झाली ती बहुधा याच तत्त्वावर. ‘अभिषिक्ताविरुद्ध बोलू नका’ असे म्हणून तक्रार दाबणाऱ्याने पेत्राचे उदाहरण आठवावे. अंत्युखियात पौलाने त्याला सर्वांसमोर धारेवर धरले होते आणि ती गोष्ट गलतीकरांच्या पत्रात नोंदलेली आहे.

या चार गोष्टींतली एकही नवी नाही आणि एकीलाही मोठा खर्च नाही. प्रत्येक मंडळीच्या पंचांनी येत्या वार्षिक सभेत त्यांवर चर्चा करून ठराव करावा आणि तो मंडळीच्या फलकावर लावावा, ही विनंती.



मंडळीतील एक सभासद,
सणसवाडी, ता. शिरूर, जि. पुणे